ग्राइंडरमधले तांदूळ

मी सहा वर्षं ज्या घरी कामाला होते, तिथे गॅसच्या ओट्यापेक्षा कॉफीच्या ओट्याची निगा जास्त होती. गंगापूर रोडला, सातव्या मजल्यावरचं घर. राहणारी माणसं दोनच, साहेब आणि ताई. ताई निफाडकडच्या, द्राक्षबागायतदाराची मुलगी. त्या मला मावशी म्हणायच्या. साहेब काहीच म्हणायचे नाहीत. काम असलं की ओट्यावर बोटाने दोनदा टकटक करायचे, मी जायचे.

कॉफीचा ओटा खिडकीखाली होता. त्यावर देव्हाऱ्याएवढं स्टीलचं मशीन, शेजारी बिया दळायचा ग्राइंडर, आणि सोनाराकडे असतो तसा छोटा काटा. साहेब सकाळी अठरा ग्रॅम बिया मोजायचे, एक बी जास्त झाली तर उचलून परत टाकायचे. मग जाड दांड्याच्या वाटीत ती पूड घ्यायची, बारीक सुयांनी मोकळी करायची, वरून पोलादी दट्ट्याने दाबायची आणि तो दांडा मशीनला अडकवायचा. मशीन चालू केलं की घड्याळ लावायचं. अठ्ठावीस सेकंदांत उंदराच्या शेपटीसारखी कॉफीची धार खाली यायला हवी. वीस सेकंदांत आली तर ती मोरीत. चाळीस लागले तरी मोरीत.

दांड्यातला चोथा ते एका डब्यावर ठोकून काढायचे. कॉफी जमली असली की एकच ठोका. बिघडली की चार, पाच, सहा. मी भांडी घासत असायचे. तीन ठोक्यांच्या पुढे गेलं की माझे हात आपोआप थांबायचे, आणि आतल्या खोलीतल्या ताईंच्या बांगड्यांचा आवाजही थांबायचा.

मार रोजचा नव्हता. पण तो कॉफीवरून सुरू व्हायचा. दुधाची पिशवी वेगळी आणली, मशीनच्या टाकीत फिल्टरचं पाणी न घालता नळाचं घातलं, ग्राइंडरच्या दळण बारीक-जाड करायच्या चकतीला पुसताना हात लागून आकडा सरकला. चकती पुसायला सांगितलेली असायचीच, आणि सरकली की ताईंनी सरकवली असायची. पहिल्या वेळी मी पाहिलं तेव्हा त्यांनी ताईंचं डोकं कपाटाच्या दारावर आपटलं होतं, आणि मग दाराला पोचा आला का ते हात फिरवून बघितलं होतं. मशीनवरून त्यांचा हात इतका हलका फिरायचा की स्टीलवर बोटाचा ठसा उमटत नसे.

रविवारी त्यांच्यासारखेच कॉफीवाले तीनचार जण यायचे. आपापल्या बियांच्या पुड्या घेऊन यायचे, वास घ्यायचे, घोट तोंडात खुळखुळवायचे. त्यातला एक जण एकदा म्हणाला, “वहिनी, तुम्ही नाही घेत?”

“ती?” साहेब हसून म्हणाले. “ती चहावाली. आलं ठेचून, साखर घालून, फुर्रफुर्र. निफाडची आवड.”

सगळे हसले. ताईही हसल्या. त्यांच्या ब्लाउजची बाही त्या दिवशी कोपरापर्यंत होती, मे महिना असून.

मी काही बोलत नसे. मी चौथीपर्यंत शिकलेली, पेठ तालुक्यातली. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही, लहानपणापासून फुटत नाही. माझा नवरा होता तोवर त्याचाही मार मी असाच भांड्याकडे बघत खाल्ला. पुरुष चिडला की हातातल्या भांड्याकडे बघायचं, डोळा वर करायचा नाही, हे मला आईने शिकवलं होतं. तो गेला, पण सवय राहिली.

मग तांदळाचं झालं.

आमच्याकडे मिक्सरच्या भांड्याला मसाल्याचा वास बसला की त्यात मूठभर कोरडे तांदूळ फिरवतात. वास जातो, पातीही घासून निघते, पीठ टाकून द्यायचं. एका दुपारी साहेब कामावर होते, ताई खाली भाजी आणायला गेल्या होत्या. ग्राइंडर पुसताना मला दिसलं की त्याच्या तोंडाशी कॉफीची तेलकट पूड चिकटून काळी पडली होती. फडक्याने निघेना. मला वाटलं, साफ करून ठेवावा, साहेबांना बरं वाटेल, एक दिवस तरी घर शांत जाईल. मी मूठभर तांदूळ आत टाकले आणि बटण दाबलं.

तो मिक्सरसारखा फिरला नाही. आत दगडावर दगड घासल्यासारखा आवाज आला, मग घरघर, आणि अडकला. मी घाबरून बटण बंद केलं, उलटा करून जेवढं निघेल तेवढं काढलं, ओटा तीनदा पुसला. ताई आल्या तेव्हा सांगायचं होतं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, पंख्याखाली बसल्या, “मावशी, पाणी द्या ना,” म्हणाल्या. मी पाणी दिलं आणि घरी गेले.

दुसऱ्या सकाळी मी भांड्यांना बसले होते. साहेबांनी ग्राइंडर लावला, तो बोंबलला आणि बंद पडला. त्यांनी पाना आणून तो उघडला. आत पोलादाचे दोन दातेरी गोळे असतात, एकात एक बसणारे. दोन्हींच्या दातांत पांढरं पीठ भरलं होतं आणि एक दात तुटला होता.

“तांदूळ,” ते हळू म्हणाले. मग ओरडले, “तांदूळ! कुणी घातले तांदूळ?”

ताई दारात आल्या. त्यांनी पिठाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. कुठल्याही बाईला कळलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, “जाऊ दे ना, दुरुस्त करून आणू.”

साहेबांनी मशीनचा दांडा उपसला. तो लोखंडी आणि जड असतो, हातोडीएवढा. पहिला त्यांनी खांद्यावर मारला. हाडाचा आवाज झाला, नारळ फुटतो तसा नाही, नारळ न फुटता नुसता वाजतो तसा. ताई खाली बसल्या तेव्हा दुसरा पाठीत बसला, तिसरा त्यांनी आडव्या धरलेल्या हातावर. वाटीतलं काळपट पाणी उडून भिंतीवर, माझ्या पदरावर पडलं. ताई ओरडल्या नाहीत. शेजारी ऐकतील म्हणून त्यांनी ओढणी तोंडात धरली होती. नळ चालू होता. माझ्या हातात कढई होती आणि मी कढईकडे बघत होते. तांदूळ मी घातले, हे तीन शब्द मला म्हणता आले नाहीत.

पुढचे आठ दिवस मला अन्न गेलं नाही. ताईंचा उजवा हात वर जात नव्हता, त्यांच्या केसांना तेल मीच लावायचे. एकदा मी म्हणाले, “ताई, ते मी...” त्या म्हणाल्या, “माहीत आहे. गप्प राहा. तुम्हाला काढून टाकतील, मग मी कुणाशी बोलू?”

नवा ग्राइंडर आला. पहिल्याच रविवारी साहेब दुधाचा फेस करत होते. मशीनला एक बारीक नळी असते, तिची कळ फिरवली की वाफ सुटते आणि भांड्यातलं दूध फुगतं. दूध फ्रीजमधलं गार लागतं. ताईंनी पातेल्यातलं दिलं, ते कोमट होतं. फेस बसला नाही.

साहेबांनी भांडं मोरीत फेकलं. ताईंचं मनगट धरलं आणि म्हणाले, “गार कोणतं, गरम कोणतं, कळत नाही ना? आता कळेल.” आणि त्यांचा तळवा नळीखाली धरून कळ फिरवली.

वाफेचा आवाज मोठा असतो. तरी ताईंचा आवाज त्याच्या वर गेला. मी उठले. माझ्या तोंडातून जे निघालं ते एवढंच, “साहेब, तांदूळ मी घातले होते! मी! ताईंनी नाय!”

ते मागे वळून हसले. मनगट सोडलं नाही.

“मला त्याच दिवशी कळलं होतं,” ते म्हणाले. “ही कशाला तांदूळ घालेल? ती अक्कल तुझीच.”

आठ दिवस मी ज्या तीन शब्दांपायी जळत होते, त्यांना काही किंमतच नव्हती. मी धावत जाऊन भिंतीवरचं बटण बंद केलं. मिक्सर बंद होतो, पंखा बंद होतो. हे मशीन बंद झालं नाही. आत वाफ कोंडलेली होती, ती येतच राहिली. ताईंचा हात लाल झाला, मग पांढरा व्हायला लागला. ओट्यावर कॉफी दाबायचा पोलादी दट्ट्या होता. मी तो उचलला आणि साहेबांच्या कोपरावर घातला. मिरची कुटताना मुसळ टाकते तसा, सगळं अंग घालून. ते ओरडले, हात सुटला. ते माझ्याकडे वळले तेव्हा मी दुसऱ्यांदा मारलं, गुडघ्यावर. ते खाली बसले. मी ताईंना तशाच अनवाणी जिन्याने खाली नेलं. लिफ्टची वाट पाहिली नाही.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा ताई म्हणाल्या, “दूध तापवताना भाजलं.” डॉक्टरीणबाईंनी तळवा पाहिला, मग मनगटावर उमटलेली बोटं पाहिली, आणि दवाखान्यातल्या चौकीवरून हवालदारांना बोलावलं. ते वयस्कर होते. त्यांनी मला बाहेरच्या बाकावर बसवून विचारलं, “तू होतीस ना तिथे? काय झालं, सांग.”

मी सांगितलं. खाली बघत, नेहमीच्या आवाजात. त्यांनी लिहिलं आणि कागद पुढे केला. “इथे अंगठा कर.”

“सही येते,” मी म्हणाले. आणि सही करायच्या आधी वाचायला लागले. मी हळू वाचते, अक्षरावर बोट ठेवून. हवालदार घड्याळ बघत होते. तिसऱ्या ओळीवर माझं बोट थांबलं. तिथे लिहिलं होतं, ‘नवऱ्याच्या हातून वाफ लागली’.

मी ‘लावली’ म्हणाले होते. एका अक्षराचा फरक. लागली म्हणजे चुकून. चुलीपाशी कुणालाही लागते.

“हे असं नाय,” मी म्हणाले.

“काय?”

“असं नाय, साहेब.”

“अगं बाई, मोठ्याने बोल की! तू पुटपुटतेस, मला जे ऐकू येतं ते मी लिहितो. मघाशीही असंच.”

त्यांचं खरं होतं. चूक माझ्या आवाजाची होती. बाकावर दहाबारा माणसं बसली होती, सगळी माझ्याकडे बघत होती. मी उभी राहिले आणि म्हणाले, “लागली नाय! लावली! हात धरून लावली! ‘व’ लिहा!”

कुणीतरी हसलं. हवालदार हसले नाहीत. “मग त्या बाई सुटल्या कशा?” त्यांनी विचारलं.

“मी साहेबांना मारलं. दोनदा. तेही लिहा.”

“ते तुझ्यावर तक्रार करतील, समजतं का?”

“करू दे.”

त्यांनी लेखणी खाली ठेवली. आतल्या खाटेवर ताई बसल्या होत्या, हाताला पट्टी चालू होती, दार उघडं होतं. हवालदार दारात जाऊन उभे राहिले. “ताई, तुम्ही म्हणता दूध तापवताना भाजलं. ही म्हणते लावली. ही एकटीच बोलली तर उद्या हीच आत जाईल. मी काय लिहू?”

डॉक्टरीणबाईंनी गाठ मारली, कात्रीने टोक कापलं. मला वाटलं, संपलं.

“लावली,” ताई म्हणाल्या. “आणि ही पहिली वेळ नाही. अगदी सुरुवातीपासून लिहा.”

हवालदारांनी पहिला कागद बाजूला ठेवला, कोरा घेतला, स्टूल ओढून खाटेशी बसले. ताई सांगू लागल्या, कपाटाचं दार, पाणी, चकती, दांडा, एकेक. मी दाराबाहेर उभी होते. दुपारच्या औषधांची गाडी फिरून गेली तरी त्या सांगतच होत्या.