आत्यासाठी पाहिलेलं नाटक

गच्चीवर जुन्या लुगड्यावर मिरच्या पसरल्या आहेत. फेब्रुवारी कलला की धरमपेठेतल्या आमच्या घरी भिवापूरची मिरची येते. पोत्याचं तोंड सोडलं की ठसका आधी घशात बसतो आणि वास मागून येतो, उन्हात तापलेल्या मातीसारखा, किंचित गोडसर. कामाला येणाऱ्या बाईबरोबर मीही देठ खुडायला बसते. तासाभरात बोटांची आग व्हायला लागते, मग ती रात्रभर राहते, आणि त्या आगीबरोबर लंडनमधला एक शनिवार परत येतो. दरवर्षी येतो. त्याला थोपवणं मला जमलेलं नाही, आणि आता मी तसा प्रयत्नही करत नाही.

माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण, भिवापूरला काकांच्या घरी राहायची. विसाव्या वर्षी विधवा होऊन ती माहेरी परतली ती कायमची. घरामागे काकांचा सातरा होता, म्हणजे मिरची वाळवायचं आणि निवडायचं मोठं उघडं अंगण. दिवाळी झाली की आसपासच्या गावांत मंडई, म्हणजे गावजत्रा, भरायची, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. सगळं घर बैल जुंपून नाटकाला जायचं आणि गोठा, चूल, तान्ही पोरं सांभाळायला आत्या मागे राहायची. तिला कोणी चल म्हटलं नाही. तिनेही कधी विचारलं नाही. मात्र त्या घरात एक रीत होती. दुसऱ्या दिवशी सातऱ्यावर बायका देठ खुडायला बसल्या, की नाटक पाहून आलेल्यांनी ते मागे राहिलेल्यांना पहिल्या घंटेपासून सांगायचं. मधूनच उठायची सोय नव्हती. आत्या मान खाली घालून ऐकायची, हात चालूच असायचे, आणि मध्येच विचारायची, "थांब वं. मघा तिच्या हाती ताट होतं ना? ते कुठी ठेवलं तिनं?" सांगणारीला आठवायचं नाही. आठ दिवसांनी मी सुट्टीत गेले की तेच नाटक आत्या मला सांगायची, आणि त्यात ते ताट बरोबर जागेवर ठेवलेलं असायचं. मला वाटतं, त्या मुलखातली सगळी नाटकं तिला पाठ होती. पाहिलेलं एकही नव्हतं.

मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले. घरी वडील माझ्याशी इंग्रजीत बोलायचे, पत्रंही इंग्रजीत लिहायचे. भिवापूरची बोली मला समजायची, पण माझ्या तोंडून ती आली की भावंडं हसायची, म्हणून मी गप्प राहायला शिकले. गप्प मुलीचं आत्याशी बरं जमलं. शिष्यवृत्ती मिळून मी लंडनला निघाले तेव्हा ती नागपूरला दवाखान्यात दाखवायला आलेली होती. पोटात गाठ होती. डॉक्टरांनी वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं की संक्रांत निघाली तरी खूप झालं. दाराआड उभी राहून मी ते ऐकलं होतं. आत्याला कोणी काही सांगितलं नव्हतं, तरी तिने माझा हात धरून जे मागितलं ते घाईने मागितलं. "तिकडं मोठे मोठे नाटकं राहतात म्हणे. एखांदं पाहून मले लिहून धाड. सगळं लिहिजो. अन् तिकडं बायांचं काम बायाच करतात का बाप्येच, तेही पाहून घेजो."

एवढंच मागणं होतं, आणि मुदतही मला ठाऊक होती. तरी सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत मी नाटक पाहिलं नाही. पैसे नव्हते असं नाही, स्वस्तातलं तिकीट परवडलं असतं. खरी गोष्ट लिहायला आजही संकोच वाटतो. मी दोनदा एका नाट्यगृहाच्या खिडकीपर्यंत गेले, रांगेत उभी राहिले, माझ्यापुढे दोन माणसं उरली आणि मी रांग सोडून निघून आले. ज्या इंग्रजीसाठी वडिलांनी एवढी धडपड केली, ती खिडकीतल्या त्या बाईपुढे माझ्या तोंडून निघेना. काका दर पंधरा दिवसांनी मराठीत पत्र लिहायचे आणि खाली आत्याची एक ओळ असायची, तिने सांगितलेली: नाटक पाहिलं का? मी उत्तरात हवेबद्दल लिहायचे.

शेवटी मला घेऊन गेली ती अमरावतीची डॉक्टरीण. तिकडे पुढचं शिक्षण घ्यायला आली होती, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी, आणि लंडनच्या रस्त्यातही आपल्या घरच्यासारखी खणखणीत वऱ्हाडी बोलायची. आत्याचं मागणं मी एकदा तिच्यापाशी बोलून गेले होते. जानेवारीच्या अखेरीस तिने दोन तिकिटं माझ्यापुढे टाकली. "हे घे. दुपारचा खेळ हाय. सकाळी लंडन पाहू, दुपारी नाटक. आता काहून तोंड पाडून बसली? रांगेत मी उभी राहिली ना!" संक्रांत होऊन गेली होती आणि घरून काही वाईट कळलेलं नव्हतं. मला वाटलं, साधलं.

त्या शनिवारी सकाळी निघताना वसतिगृहातल्या माझ्या टपालाच्या खणात काकांचं निळं हवाई पत्र होतं. त्याचा एक कोपरा फाटलेला होता. एवढ्या लांबून आलेलं, कुठेतरी अडकून फाटलं असेल, असं म्हणून मी तो भाग बोटाने सारखा केला आणि पत्र न उघडताच पर्समध्ये ठेवलं. काकांचं अक्षर लावायला मला तास लागायचा, हे एक कारण. दुसरं कारण मला जास्त गोड वाटलं होतं. खाली आत्याची ओळ असणार, नाटक पाहिलं का? ती ओळ मला नाटक पाहून झाल्यावर वाचायची होती. पहिल्यांदाच हो म्हणता येणार होतं.

त्या दिवसाइतकी आनंदात मी तिथे कधीच नव्हते. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघायची. राजवाड्यापुढे पहारा बदलताना पाहिला, नदीवरचा पूल पायी ओलांडला, कबुतरांच्या चौकात बाकावर बसून पाव खाल्ला. आत्याला सांगायचं म्हणून मी एका छोट्या वहीत सगळं टिपत होते. घोड्यांच्या शेपट्या विंचरलेल्या. पहारेकऱ्याच्या टोपीचा पट्टा हनुवटीखाली नाही, खालच्या ओठाखाली. नदीचं पाणी आपल्या चहासारखं. डॉक्टरीण वहीत डोकावून म्हणाली, "बापा! नदीत चहा? पेपर लिहून राहिली का वं तू? नंबर येते तुहा पहिला." मी मोठ्याने हसले. मला मोठ्याने हसताना तिने पहिल्यांदाच पाहिलं असावं, कारण ती क्षणभर थांबून माझ्याकडे बघत राहिली.

आमच्या जागा अगदी वर, छताला लागून होत्या. तिथून नटांचे भांग दिसायचे. नाटक साध्या घरातलं होतं. एक म्हातारा, त्याच्या दोन मुली, आणि स्वयंपाकघर. राजा नव्हता, गाणी नव्हती. आत्याला हे कसं पटवायचं, या विवंचनेत मी होते. मग थोरल्या मुलीने रंगमंचावरचा नळ सोडला आणि खरं पाणी आलं. तिने भांडी धुतली. मी अंधारातच वहीत लिहिलं, खरं पाणी. आणि मुद्दाम लक्ष ठेवलं: धुतलेली थाळी तिने खिडकीशी उभी करून ठेवली. या वेळी आत्याने विचारलं असतं तर मला उत्तर येणार होतं.

मध्यंतरात डॉक्टरणीने रुमाल मागितला. मी पर्स उघडली आणि रुमालाबरोबर पत्र बाहेर आलं. तिने ते उचललं. तिचा अंगठा फाटक्या कोपऱ्यावर गेला आणि तिथेच थांबला.

"हे कधी आलं?"

"सकाळी. पोस्टात फाटलंय."

"वाचलं नाही तू?"

मी तिला आत्याच्या ओळीचं सांगितलं. बरीच बोलत होते मी, नळाबद्दल, थाळीबद्दल. तिने काहीच थट्टा केली नाही. पत्र माझ्या पर्समध्ये परत ठेवून पर्सची कडी स्वतः लावली. "नाटक होऊ दे," ती म्हणाली. "बरोबर हाय तुहं. आधी नाटक पाहून घे पुरतं." दिवे मालवल्यावर तिने माझा हात हातात घेतला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. मला अवघडल्यासारखं झालं. असं कोणी हात धरलेला मला आवडत नाही. पण सोडवून घेणं उद्धटपणाचं दिसेल म्हणून मी तसाच राहू दिला, आणि दुसरा अंक एका हाताने टिपून घेतला.

बाहेर चार-साडेचारलाच संध्याकाळ उतरली होती. नदीकाठच्या बाकावर तिने मला बसवलं. "काढ ते पत्र. मी वाचतो." तिकडच्या बायका प्रेमाने बोलताना कधी कधी अशा बोलतात. मग माझा चेहरा पाहून तिच्या लक्षात आलं की मला खरोखरच काही कळलेलं नाही. "अवं, असा कोपरा पोस्टात फाटत नसते. मयताच्या पत्राचा कोपरा फाडून धाडतात. उघडायच्या आधी हाताले समजाव म्हणून. तुले कोणी सांगितलं नाही?"

कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरी तारा यायच्या, टेलिफोन यायचे, टंकलिखित पत्रं यायची. भिवापूरला अशी पत्रं आली असतील तर ती मुलांच्या हाती पडत नसणार. काकांनी मात्र गृहीत धरलं होतं. पत्र चिकटवून झाल्यावर त्यांनी आपल्या हाताने तो कोपरा फाडला होता, म्हणजे परक्या देशात एकट्या पोरीला अचानक धक्का बसू नये. आणि मी तो दिवसभर खांद्याला लटकवून लंडन पाहत फिरले.

डॉक्टरणीने वाचलं. अकरा दिवस झाले होते. संक्रांतीचं वाण घरात येईपर्यंत आत्या होती, त्यानंतर दोन दिवसांनी गेली. काकांनी लिहिलं होतं: "ताईने आदल्या दिवशी विचारले, पोरीचे नाटक पाहून झाले का. आम्ही झाले म्हणून सांगितले. तर म्हणाली, मग सांग. तेव्हा मी सांगितले. तू वाईट वाटून घेऊ नये. अभ्यास करावा." डॉक्टरणीने पत्र माझ्या हाती दिलं. "असं पत्र घरात ठेवत नाहीत," ती हलकेच म्हणाली, "फाडून टाक पाण्यात." मी पत्र घडी करून पुन्हा पर्समध्ये ठेवलं. तिने आग्रह केला नाही.

मग मला रडू आलं असेल, असं वाचणाऱ्याला वाटेल. आलं नाही. माझ्याकडे एक अख्खं नाटक होतं आणि ते कुठे ठेवावं ते मला कळत नव्हतं. थाळी कुठे ठेवली हे ठाऊक असून काही उपयोग नव्हता. आपण ऑक्टोबरमध्ये ती रांग सोडली नसती तर, दोनच माणसं पुढे होती, हे मी मनात म्हणत राहिले, आणि पुढे कित्येक महिने म्हणत राहिले. त्या विचाराला तळ नव्हता.

दोन वर्षांनी परत आले आणि भिवापूरला गेले. सातऱ्यावर मिरच्या पसरल्या होत्या. बायका जेवायला गेल्यावर काका माझ्यासमोर उकिडवे बसले, एक मिरची उचलून तिचं देठ उगाच फिरवत. त्यांना काहीतरी विचारायचं होतं आणि धीर होत नव्हता. हे मला लगेच कळलं, तो आजार माझाच होता. शेवटी म्हणाले, "बाई, मले तिकडचं काय ठाऊक? ताई आयकतच नव्हती, सांग म्हणे. म्या आपलं जुळवून सांगितलं. एक राजा. त्याची पोरगी दूर देशी शिकाले जाते. राजा रोज गाढवावर बसून येशीपर्यंत जाऊन पाहते." ते ओशाळं हसले. "तं ताई म्हणते, लंडनात राजा गाढवावर? तोंडातून शब्द निघत नव्हता तिच्या, पण टोकलंच. मंग म्हटलं, घोडा होता, चुकलो. आखरीले पोरगी वापस येते. आली का, म्हणे. म्हटलं, आली. मंग झोपली." मिरची त्यांच्या बोटांत तुटली. "मरत्या माणसाशी खोटं बोललो मी. दोन वर्षं झाली, मनातून जाऊन नाही राहिलं. तुह्या नाटकात राजा होता का वं?"

मी काकांकडे पाहिलं. माझ्या पिशवीत ती वही होती. त्यांना दाखवायची म्हणूनच आणली होती मी.

"होता," मी म्हणाले. "तेच नाटक होतं, काका."

"घोडा?"

"घोडाच होता. शेपटी विंचरलेली."

त्यांनी मान हलवली, खूप वेळ हलवत राहिले, आणि मग उठून बैलांना पाणी दाखवायला गेले.

ती वही अजून आहे, पत्राशेजारीच. पण दुसरा अंक एका हाताने लिहिलेला, अंधारातला. ती अक्षरं एकमेकांवर चढली आहेत आणि माझी मला लागत नाहीत. त्या म्हाताऱ्याचं शेवटी काय झालं, मुली तिथेच राहिल्या की गेल्या, मला सांगता यायचं नाही. काकांचं नाटक मात्र सगळं आठवतं. आज देठ खुडताना कामवाल्या बाईने सहज विचारलं, "बाई, तिकडं इलायतेत नाटकं पाह्यले का तुमी?" मी हो म्हटलं. "सांगा ना मग." आणि मी सांगायला लागले: एक राजा होता. उन्हं कलेपर्यंत सांगत होते. बोटं पेटली होती. राजाने रोज वेशीवर जायचं, तिथपर्यंत आले आणि तिने मध्येच विचारलं, "अन् घोडा कुठी बांधे तो?"

मला ते ठाऊक नव्हतं. आत्याला ठाऊक असतं.