मुठीचे तांदूळ

धाकट्या जावेचा मी हेवा करायचे, हे आज सांगायला मला काही वाटत नाही. तेव्हा मात्र कोणी तसं म्हटलं असतं तर मी त्याचं थोबाड रंगवलं असतं.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. पवनीत एकाच अंगणात आमच्या दोन चुली. माझा नवरा कचेरीत कारकून, दर महिन्याला बांधलेला पगार. दीर धान पिकवायचा, वर्षातून एकदा पीक हातात. मग वीस तारीख उलटली की साखर उसनी मागायला तिच्या दारात मला का जावं लागायचं? याच विचाराने माझा जीव जळायचा.

तिची एक सवय होती. स्वयंपाकाला तांदूळ घेतले की त्यातली एक मूठ परत काढायची आणि चुलीमागच्या गाडग्यात टाकायची. सकाळी एक, संध्याकाळी एक. घरात पाहुणे असोत की सण असो, मूठ चुकायची नाही. बाजाराच्या दिवशी गाडगं रिकामं करून तांदूळ विकायची आणि दुसऱ्या दिवशी पैसे पोस्टात टाकायची. हाताशी राहिले तर खर्च होतात म्हणे!

एका उन्हाळ्यात ती सहज बोलून गेली, "बाई, यंदा शिलाई मशीन घ्याची हाय."

माझ्या काळजात कळ उठली. मशीन मला हवी होती, लग्न झाल्यापासून. मुलींचे फ्रॉक घरी होतील, गल्लीतल्या बायकांची पोलकी शिवीन, चार पैसे माझे म्हणून हातात येतील, नवऱ्यापुढे हात पसरावा लागणार नाही. आणि नेमकी तीच हिने घ्यायची?

दुसऱ्या दिवसापासून मीही मूठ काढू लागले. तिची एक, तर माझ्या दोन. भात कमी पडला की मुली ताटात बोटं फिरवत बसायच्या, आणि मी त्यांनाच दटावायचे. महिनाभरात मडकं भरलं. तेव्हाच विकायला हवं होतं. पण पोळ्याला तांदूळ महागतो, तेव्हा सगळे एकदम विकून तिच्या आधी हप्त्यावर मशीन आणायची, असा माझा बेत. म्हणून आमच्याकडे धान साठवायची ढोली लिंपतात तसं मडक्याचं तोंड शेणामातीने लिंपून टाकलं आणि दुसरं भरायला घेतलं. धान टिकतं, गिरणीतून आलेला तांदूळ पावसाळ्यात टिकत नाही, हे धानाच्या मुलखातल्या पोरीला सांगावं लागत नाही. पण मी डोळ्यांवर कातडं ओढून बसले होते.

पोळ्याच्या तोंडावर मडकी उघडली. आत सोंडे वळवळत होते, तांदळाला जाळी धरलेली, निम्म्याचं पीठ झालेलं. त्याच आठवड्यात दिराच्या बैलगाडीतून तिची मशीन आली. पोरं मागे नाचत होती, त्यांत माझ्याही दोघी.

उघाड पडल्यावर मी तांदूळ अंगणात पसरले. लपवणार तरी कुठे, वास घरभर सुटला होता. ती सूप घेऊन आली आणि माझ्याशेजारी बसून पाखडू लागली.

"काहून साठवून ठेवले, बाई? दर बाजाराले विकाचे ना." मग सूप थांबवून म्हणाली, "मी नवी नवी आली होती तवा तुमीच तं शिकवलं होतं मले."

खरं होतं. तेव्हा माझ्या नवऱ्याला नोकरी नव्हती. पगार सुरू झाला आणि मी मूठ काढणं सोडून दिलं. तिने सोडलं नाही.

अशा वेळी माणसाला लाज वाटावी. मला नाही वाटली. सवय माझी आणि मशीन तिच्या घरात, एवढंच मला दिसत होतं. मी तिच्या हातातलं सूप ओढून घेतलं.