एकोणीस तारखेचं मशीन

दातांच्या दवाखान्यात लोकांना तारखा देणाऱ्या बाईला सगळे पन्नासताई म्हणत. वय पन्नास नव्हतं हो, त्रेचाळीस होतं. नाव पडलं ते क्रेडिट कार्डापायी. कार्डाचं बिल अठराला निघायचं आणि भरायला पुढे वीस दिवस मिळायचे. म्हणून खरेदी करायची ती एकोणीसला. बिल निघेपर्यंतचा महिना आणि वर ते वीस दिवस, झाले पन्नास, तेही बिनव्याजी! "फक्त बिल पूर्ण भरा," ती बजावायची, "थोडं जरी मागे ठेवलंत तर व्याज बोकांडी बसलंच." डॉक्टरीणबाईंनी पेशंटची नवी खुर्चीसुद्धा तिला विचारून एकोणीसलाच घेतली. सतराला घरचा फ्रिज बंद पडला तेव्हा ताईने दोन दिवस दूध शेजारी ठेवलं. लोक कौतुक करायचे, आणि कौतुकाची चटक वाईट.

घरात ती आणि बाबा, दोघंच. पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात तीस वर्षं काढून बाबांचे कान कामातून गेले होते. पाच वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा त्यांना थोडंफार ऐकू यायचं, आणि नेमकं तेव्हाच ताईने चार माणसांत त्यांना सुनावलं, "तुम्ही पैशाकडे बघत बसलात, म्हणून आई गेली." तेव्हापासून दोघं कामापुरतं बोलत.

गेल्या महिन्यात आईचे जुने डॉक्टर दाढ दाखवायला आले. नंबर येईपर्यंत सहज म्हणाले, "तुमचे वडील पैसे घेऊन तीनदा माझ्याकडे आले होते. आईच ऑपरेशनला तयार नव्हत्या. मुलीला कळू देऊ नका म्हणाल्या."

ताईने बाबांची माफी मागायला हवी होती. पण मागणार कशी? ओरडल्याशिवाय त्यांना ऐकू जायचं नाही, आणि माफी का कोणी ओरडून मागतं? एकदा प्रयत्न केला, तर समोरच्या खिडकीतून काकू डोकावल्या, "काय झालं गं?" मग चिठ्ठी लिहिली. ती रजेच्या अर्जासारखी वाटली, म्हणून फाडून टाकली.

चौदा तारखेला ती बाबांना कानाच्या मशीनच्या दुकानात घेऊन गेली. दुकानदाराने नमुन्याचं मशीन त्यांच्या कानात बसवलं. ताई सवयीने ओरडणार होती, तेवढ्यात थांबली आणि हळूच म्हणाली, "बाबा, येतंय ऐकू?"

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. "अगं, तुझा आवाज असा आहे होय? मला वाटायचं, तू अजून रागावलेलीच आहेस."

माफी ताईच्या अगदी ओठांवर आली. पण दुकानदार समोर उभा. म्हटलं, घरी निवांत बोलू.

"आजच घेऊन जा की," दुकानदार म्हणाला.

पैसे नव्हते अशातला भाग नाही. पण आज घेतलं तर जेमतेम चोवीस दिवस मिळणार. "एकोणीसला येते," ताई म्हणाली. बाबांनी मशीन स्वतःच काढून डबीत ठेवलं. पाच दिवसांत काय आभाळ कोसळणार होतं!

सतराला सकाळी बाबा दाराची कडी काढता काढता कोसळले. मेंदूत रक्तस्राव. डॉक्टरांनी आशा ठेवू नका म्हणून सांगितलं. ताई धावतपळत त्या दुकानात गेली आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा तारीख न बघता कार्ड काढलं. मशीन आणून तिने बाबांच्या कानात बसवलं आणि इतके दिवस घोकलेलं हळूच बोलली, "बाबा, माझं चुकलं. मला सगळं कळलंय."

बाबांची पापणीसुद्धा हलली नाही. ती पुन्हा बोलली, जरा मोठ्याने. मग आणखी मोठ्याने. शेवटी तिच्याही नकळत तिचा तो जुना आवाज लागला, "बाबा! ऐकू येतंय का? बोला ना! बाबा!"

वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाकडून नर्स धावत आली. तिने ताईचा हात धरला. "अहो ताई, आता तरी रागावू नका त्यांच्यावर."

संध्याकाळी बाबा गेले. मशीन कानात चालूच होतं.