मागच्या गाडीतल्या काकू

बंद पडलेला ट्रक टोचन करून नेताना लोक सहसा ओढणाऱ्या गाडीकडे बघतात. अंबरनाथमध्ये ते मागच्या गाडीकडे बघत. तिचं इंजिन बंद, दिवे बंद, आणि स्टेअरिंगवर पदर कमरेला खोचलेली एक पन्नाशीची बाई. दोन्ही हात स्टेअरिंगवर घट्ट, नजर दोन गाड्यांना जोडणाऱ्या लोखंडी दांड्यावर. रस्त्यावरून कोणी हात केला तरी त्या मान वळवत नसत. शिवमंदिराच्या परिसरात राहणाऱ्या या बाईंना सगळे टोचनवाल्या काकू म्हणत. खरं नाव फार थोड्यांना माहीत होतं.

टोचनचा ट्रक त्यांच्या यजमानांनी घेतला होता. ते गेल्यावर धाकटा दीर सुधाकर गाडी चालवू लागला आणि काकू कामाचे फोन सांभाळू लागल्या. त्या काळात मी एका स्थानिक दैनिकासाठी अपघातांच्या बातम्या देत असे, त्यामुळे त्यांना वरचेवर फोन करावा लागे. अपघात कुठे झाला, रस्ता मोकळा झाला का, एवढं त्या नेमकं सांगत. चूक कोणाची, असं विचारलं की म्हणत, "मी गाडी ओढायला गेले होते, निकाल द्यायला नाही."

मागे बसण्याचा नियम त्यांचा स्वतःचा होता. टोचन करताना बंद गाडीचं स्टेअरिंग कोणीतरी सांभाळावं लागतं. बहुतेक जण ते काम त्या गाडीच्याच ड्रायव्हरला देतात. काकूंना ते पटत नसे. तो माणूस थकलेला असतो, मालकाच्या फोनने भेदरलेला असतो, आणि एका ड्रायव्हरने उतारावर चालत्या गाडीतून उडी मारलेली त्यांनी पाहिली होती. म्हणून त्यांनी ट्रकचं लायसन्स काढलं. परीक्षा सोडली तर चालू इंजिनाचा ट्रक त्यांनी फारसा चालवला नाही. या विषयावर कोणी फार खोदून विचारलं, तर उत्तर ठरलेलं होतं. "धंदा माझा, तर भीतीही माझीच."

सुधाकरचा स्वभाव अगदी उलटा. त्याला कोणाला नाही म्हणता येत नसे. "येतो ना शेठ, टेन्शन नको," हे त्याचं वाक्य, आणि त्यावर काकूंचं, "भावजी, आधी विचारा गाडीत माल काय आहे." दोघांचं हे रोज चाले. सुधाकर म्हणे, "वहिनी, तुम्ही पोलिसात पाहिजे होतात." काकू म्हणत, "मग पहिलं तुम्हालाच आत टाकलं असतं."

असाच एकदा सुधाकर हो म्हणून बसला. बदलापूरहून बारवीकडे जाणाऱ्या रस्त्यावर खडीने भरलेला ट्रक बंद पडला होता. मालक खडी उतरवायला तयार नव्हता. भरलेली गाडी तशीच ओढायला घेतली. सपाटीवर काही झालं नाही. उतार लागताच मागचा ट्रक पुढच्याला ढकलू लागला. सुधाकरने ब्रेक दाबून धरला. चाकांतून जळका वास आला, मग धूर, आणि मग पायाखालचा ब्रेक धरेनासा झाला. त्याने गाडी खालच्या गिअरमध्ये घातली आणि डावी चाकं मातीच्या बांधाला घासत नेली. दोन्ही ट्रक वळणाच्या अलीकडे थांबले. कोणाला लागलं नाही. ट्रकचे ब्रेक इंजिनाने भरलेल्या हवेवर चालतात; मागच्या ट्रकचं इंजिन बंद असल्याने त्याच्या ब्रेकला हवाच नव्हती. काकू नंतर एवढंच म्हणाल्या, "माझ्याही पायाखाली पेडल होतं. नुसतं लोखंड."

सुधाकर बांधावर बसून राहिला. पाणी प्यायला आणि म्हणाला, "वहिनी, यापुढे तुम्ही मागे बसणार असाल तर मी गाडीला हात लावणार नाही."

"आणि मी नाही बसले तर तुम्ही कुणालाही हो म्हणाल."

"नाही म्हणणार."

"या खडीला म्हणालातच की."

दुसऱ्या दिवशी सुधाकर खरंच कामावर आला नाही. त्या एका ट्रकवर दोन घरं चालत होती, काकूंचं आणि सुधाकरचं. फोन वाजत राहिले, आणि काकू प्रत्येकाला दुसऱ्या टोचनवाल्याचा नंबर देत राहिल्या. विकून टाका, असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. ट्रक त्यांनी पाठवला तो मात्र उल्हासनगरला, ब्रेकचं काम करणाऱ्या एका सिंधी शेठच्या गॅरेजमध्ये.

शेठने काय काय बदलावं लागेल ते सांगितलं. मोठे ड्रम, रुंद लायनर, जास्त हवा भरणारा कॉम्प्रेसर आणि हवेची आणखी एक टाकी. काकूंनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "हे पुढच्या गाडीचं झालं. ढकलते ती मागची. तिच्या ब्रेकचं काय?"

"भाभी, उसका इंजिन ही बंद है. हवा किधर से आएगी?"

"आपल्या गाडीतून द्या."

शेठ हसला. मग हसणं थांबवून म्हणाला, "होता है. ट्रेलर को देते ही हैं. टोचनवाला कोई मांगता नहीं."

पुढच्या ट्रकच्या मागे हवेची जोडणी बसवली गेली. तिथून पाइप बंद गाडीला लावला की पुढे ब्रेक दाबताच मागचीही चाकं धरणार होती. वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांना बसतील अशी पाइपची तोंडं शेठने जमवून दिली. बरेच दिवस गेले. सुधाकर रोज गॅरेजमध्ये येऊन उभा राहू लागला. गाडी चालवणार नाही म्हणाला होता, बघणार नाही असं म्हणाला नव्हता. काम संपत आलं तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, "आता भरलेली गाडीपण ओढू, वहिनी."

काकूंनी त्याच्याकडे वळून पाहिलं. "भावजी, जास्त वजन ओढायला नाही केलेत हे ब्रेक. आहे तेवढं वजन नीट थांबावं म्हणून केलेत."

पहिला फोन नेमका त्याच उतारावरून आला. सुधाकरने तो घेतला आणि गाडीत माल आहे का, हे आधी विचारलं. होता. तो दुसऱ्या गाडीत उतरवून झाल्यावरच दांडा लावला, पाइप जोडला. काकू नेहमीप्रमाणे मागे चढल्या. सुधाकर थोडा वेळ खालीच उभा राहिला, मग पुढे जाऊन बसला.

काकूंना एवढ्या वर्षांत एक सवय झाली होती. पुढची गाडी हळू झाली की मागचीचा धक्का दांड्यातून थेट हातात येई. त्या दिवशी उतारावर काकू त्या धक्क्याची वाट बघत राहिल्या. तेवढ्यात सुधाकर दारापाशी येऊन उभा.

"वहिनी, कळलं का?"

"काय?"

"थांबलोय आपण."

काकूंनी बाहेर पाहिलं. बांध, झाडं, सगळं जागच्या जागी होतं. "मग खाली कशाला उतरलात?" त्या म्हणाल्या. "चला, रस्ता अडलाय."

हे मला सुधाकरने सांगितलं, दोनदा, दोन्ही वेळा हसत. त्यानंतर तो त्यांच्या मागे लागला. दोन्ही गाड्यांचा ब्रेक आता पुढे माझ्या पायात आहे, मागे बंद गाडीचाच ड्रायव्हर बसू दे. काकू ऐकत नव्हत्या. मग गुडघे दुखू लागले आणि ट्रकच्या पायऱ्या चढणं कठीण झालं. तरी त्यांनी तेवढ्यासाठी मान्य केलं नाही. सुधाकरने एका कारखान्याच्या अधिकाऱ्याला भरलेल्या गाडीसाठी त्यांच्यासमोर स्पष्ट नाही सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "उद्याचं टोचन तुम्ही एकटे करा."

दुसऱ्या दिवशी दुपारी कुळगावजवळच्या एका बातमीसाठी मी त्यांना फोन केला. उचलला नाही, म्हणून घरी गेलो. दार सुधाकरच्या बायकोने उघडलं आणि तोंडावर बोट ठेवून मला बाहेरच थांबवलं.

"गाडी बाहेर गेलीय," ती हळू आवाजात म्हणाली. "आणि त्या झोपल्यात."