ठोकलेलं सुकाणू

आमची शिडाची होडी हल्ली एका रिसॉर्टच्या हिरवळीवर शोभेला उभी असते. परवा तिथल्या मॅनेजरचा फोन आला. वाऱ्यानं सुकाणू हलतं, ठकठक वाजतं, पाहुण्यांची झोपमोड होते.

दादा आणि मी गेलो. सुकाणूच्या बिजागऱ्या झिजून सैल झाल्या होत्या. दादानं सवयीनं नव्या बसवल्या, ग्रीस लावलं, दांडा इकडून तिकडे फिरवून पाहिला. आवाज बंद. सुकाणू हलक्या हातानं वळत होतं.

"काका, ते हलायलाच नको," मॅनेजर म्हणाला. "पक्कं ठोकून टाका."

रोज पेपरात कुणी ना कुणी कशाचं तरी सुकाणू हाती घेत असतं. कारखान्याचं, पक्षाचं, राज्याचं. हारतुऱ्यांसकट फोटो येतो. ही माणसं ते वळवतात तरी कुठे, असं मला वाटायचं. त्या हिरवळीवर कळलं, वळवायचं नसतंच. पाहुण्यांची झोप मोडू न देता नुसतं धरून बसायचं असतं.

दादानं हातोडा घेतला. पण सगळा जन्म होडीत गेलेला माणूस तो, विचारल्याशिवाय राहवेना.

"कुठल्या बाजूला वळवून ठोकू?"

मॅनेजर हसला. "कुठेही ठोका हो. तिला आता कुठे जायचंय?"

दादानं दांडा पार एका अंगाला ओढला आणि सुकाणू तिथेच ठोकून टाकलं. पाण्यात असती, तर होडी नुसती स्वतःभोवती गरगरत राहिली असती.

"छान दिसतंय," मॅनेजर म्हणाला.