पीटीओखाली अडकलेला हात

लष्कराच्या लिलावात घेतलेल्या आमच्या जुन्या ट्रकला विंच होती. नाकाडोंगरीच्या बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, रुतलेले ट्रॅक्टर आम्ही तिने ओढून काढत असू. तिला इंजिनाची ताकद देणाऱ्या पीटीओचा गिअर एकदा तुटला, म्हणून मी ट्रकखाली शिरलो. शेवटचा बोल्ट सुटताच पीटीओचा जड लोखंडी डबा घसरला आणि माझा डावा हात डबा आणि चेसिसच्या मध्ये चेपला गेला.

बाबा शेजारीच खाटेवर बसले होते, पण त्यांना ऐकू येत नव्हतं. मला दिसत होते फक्त त्यांचे पाय. मी ओरडत राहिलो आणि बोटं बधिर होत गेली. शेवटी उजव्या हाताने मी पाना त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी तो पायाने परत आत लोटला. मी पुन्हा सरकवला, तेव्हा ते वाकले.

"काहून, पाना नाही पाह्यजे का तुले?"

माझा चेहरा पाहून ते धावत जॅक घेऊन आले. हात सुटला तेव्हा मला रडूच आलं. हाड शाबूत होतं.

"मले आवाज काहून नाही देल्ला?" बाबांनी रागाने विचारलं.

"दिला होता," मी म्हणालो. तेही त्यांना ऐकू गेलं नाही.