निकेल चढवलेली बंदूक

निकेल हा धातू दिसायला चांदीसारखा, वागायला लोखंडासारखा कणखर. ओल, खारी हवा, घामेजलेले हात यांचं तो फारसं मनावर घेत नाही. त्याचा मुलामा दिलेली वस्तू आत काय आहे ते सांगत नाही. मी रोह्याच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या प्लेटिंगच्या कारखान्यात अकरा वर्षं हाच मुलामा देत होतो. आमच्याकडे मुख्यतः घडीच्या खुर्च्यांचे पाय यायचे. सभा-समारंभांत पुढाऱ्यांखाली ज्या चकाकतात त्याच खुर्च्या. वर निकेल, आत पत्रा, त्यावर पुढारी.

तेव्हा रोह्याला रेल्वे येऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी मात्र आमच्या गावाहून, गडबहून, एस.टी.नंच जायचो. घरी दोन एकर भातशेती होती आणि वडिलांच्या नावावर शेतीसंरक्षणाच्या परवान्याची एकनळी बाराबोअर होती. डोंगरातून रानडुकरं उतरायची आणि तयार भातात लोळायची. वडिलांनी त्या बंदुकीनं सगळ्या आयुष्यात दोन डुकरं मारली. तिसरं गोळी न लागताच आवाजानं पळून विहिरीत पडलं, तेही ते हिशोबात धरायचे. पण बार निघाला की आठ-दहा दिवस कळप फिरकत नसे, आणि आम्हाला तेवढंच हवं असे.

काडतुसं ते तांदळाच्या कणगीमागच्या डब्यात ठेवायचे. काडतुसाचं बूड पितळेचं आणि मधोमध पांढरी टोपी, जिच्यावर घोडा आपटतो. त्या टोपीवरही निकेलच. जुन्या लष्करी गोळ्यांवर तांबं-निकेलचा पातळ कोट असायचा आणि त्या वेळचा आपला रुपयाही त्याच मिश्रणाचा होता, असं मी एका पुस्तकात वाचलं होतं. वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, "मंग रुपया जपून टाकत जा देवळात."

बंदुकीला गंज धरायचा. खाडी जवळ, त्यात पावसाळा चार महिने. नळीवरचा मूळचा काळा रंग उडून तांबूस डाग पडले होते. त्या वर्षी दसऱ्याला गावच्या देवळात शस्त्रपूजन ठरलं आणि तालुक्याचे एक पुढारी येणार होते. गावात शस्त्रं म्हणजे चार कोयते, एक गंजकी तलवार आणि आमची बंदूक. वडील खोबरेल तेलाचा बोळा घेऊन दोन दिवस बसले, पण डाग जाईनात.

"द्या माझ्याकडं," मी म्हणालो. "निकेल चढवतो. जन्मात गंजायची नाय."

"चढंल?"

"खुर्च्यांना चढतं, बंदुकीला का नाय?"

कल्पना माझीच होती. हे आधीच लिहून ठेवतो.

नळी आणि घोड्याचा भाग सुटा करून, पोत्यात गुंडाळून, मी एस.टी.नं रोह्याला नेला. दुसऱ्याच्या परवान्याची बंदूक अशी न्यायची नसते. तिच्यावर काम करायला परवानाधारक कारागीर लागतो. दोन्ही गोष्टी मला नंतर कळल्या. सुट्टीच्या दिवशी मालक नसताना काम केलं. नळीच्या दोन्ही तोंडांना लाकडी बुचं ठोकली, म्हणजे आत आम्ल जायला नको. आधी बफ मारावा लागतो. फिरत्या चाकावर धातू घासून आरशासारखा केला नाही तर निकेल प्रत्येक खड्डा दाखवतं. या धंद्यात अकरा वर्षं काढलेल्या माणसाला धातूवर कुठंही खोलगट दिसलं की ते घालवावंसं वाटतं. डाग, ओरखडा, खड्डा, सगळं सारखंच. मी ते घालवलं. मग तांब्याचा पातळ थर दिला, मग निकेलच्या हिरव्या, कोमट पाण्याच्या टाकीत नळी टांगली. बाहेर काढली तेव्हा तिच्यात माझं तोंड दिसत होतं.

दसऱ्याला पुढाऱ्यांनी बंदुकीला हळद-कुंकू वाहिलं, ती हातात धरून फोटो काढला आणि शौर्यावर अर्धा तास बोलले. बंदूक त्यांनी उलटी धरली होती. वडील पहिल्या रांगेत बसून ऐकत होते.

पुढच्या उन्हाळ्यात निवडणूक लागली. निवडणुकीत परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या असतात. वडिलांबरोबर मी पेणला गेलो. ठाण्याच्या आवारात झाडाखाली आजूबाजूच्या गावचे सात-आठ शेतकरी आपापल्या काळ्या बंदुका घेऊन बसले होते. वडिलांनी पोतं सोडलं.

"आला बघा नवरदेव!" एक जण म्हणाला.

"बंदूक हाय का बँडवाल्याची पिपाणी?" दुसऱ्यानं विचारलं.

वडील हसले. त्यांना ते आवडलंही असावं.

आत हवालदारानं रजिस्टर उघडलं. "नंबर?"

वडिलांनी नंबर तोंडपाठ म्हटला. हवालदारानं रजिस्टरशी जुळवला, मग बंदूक हातात घेतली. उलटी केली, खिडकीशी नेली, अंगठ्याला थुंकी लावून नळीचं बूड पुसलं.

"बाबा, हिच्यावर कुठंय नंबर?"

वडिलांना नंबर आठवत होता. बंदुकीला आठवत नव्हता. मी जागेवरून पाहिलं आणि मला कळलं. मी घालवलेल्या खड्ड्यांत तो एक होता.

फौजदारांनी आत बोलावलं. बिननंबरी बंदूक म्हणजे कुठलीही बंदूक, ते म्हणाले, आणि नंबर खोडणं हा गुन्हा आहे. "कुणी केलं हे?"

"मी, साहेब," वडील म्हणाले.

"कशानं?"

"राखंनं घासली. राख आन् काथ्या. गंज लई व्हता."

"राखेनं निकेल चढत असतं तर आमच्या हिनं घरातली सगळी पातेली चढवली असती." मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही कोण?"

"मुलगा."

"काय करता?"

"कंपनीत आहे. रोह्याला."

"कसली कंपनी?"

"खुर्च्यांची," मी म्हणालो. "हजेरी लिहितो."

त्यांची नजर माझ्या हातांवर आली. निकेलच्या पाण्यानं बोटांमधली कातडी लाल होऊन सुटते, खाज काही थांबत नाही. आमच्यातल्या अर्ध्या लोकांना हे होतं.

"हाताला काय झालं?"

मी तोंड उघडायच्या आत वडील म्हणाले, "खरूज हाय त्याला, साहेब. लांबच बरा."

फौजदारांनी खुर्ची थोडी मागं घेतली. जबाब लिहिला गेला. अडाणीपणामुळे स्वतः घासली, असं. वडिलांनी सही केली. ते सावकाश सही करत, एकेक अक्षर बसवून. तेवढा वेळ मी तिथं उभा होतो. काही बोलायचं असतं तर तो वेळ पुरेसा होता. मला काही वाटत नव्हतं, हेच मला आठवतं. समोरच्या कपाटावरची कंपनीच्या नावाची पट्टी मी दोनदा वाचली.

एस.टी. स्टँडवर वडिलांनी दोन चहा सांगितले आणि गडबची गाडी किती वाजता आहे ते विचारलं.

बंदूक प्रयोगशाळेत गेली. तिथं आम्लानं निकेल उतरवून नंबर वाचला. ठोकलेल्या आकड्याचा दाब धातूत खोलवर राहतो, वरून घासला तरी. नंबर जुळला, खटला झाला नाही. परवाना मात्र रद्द झाला. तो परत मिळावा म्हणून वडिलांनी अर्ज केले नाहीत. पुढच्या दसऱ्यानंतर डुकरांनी डोंगराकडचा सगळा तुकडा लोळवला. वडील बांधावर उभे राहून तेलाचा रिकामा डबा बडवत होते. डुकरांना दोन दिवसांत त्याची सवय झाली.

राखेची गोष्ट ते सगळीकडं सांगत. आईलाही त्यांनी तीच सांगितली, जिनं मला पोतं घेऊन जाताना पाहिलं होतं. "माझीच अक्कल गो," ते म्हणायचे, आणि ती भाकरी थापत राहायची.

दिवाळीत निडी गावचे माझे मामा आले. पडवीत आम्ही तिघं बसलो होतो. मामांनी सगळी हकिगत ऐकली, हसले, मग माझ्याकडं वळले. "आरं, तुझं तर कामच ह्ये. घासताना नंबर जातो येवढं बापाला सांगायचं नाय?"

मी वडिलांकडं पाहिलं. ते सुपारी कातरत होते.

"तो तवा शिफ्टला होता," ते म्हणाले.

"व्हय," मी म्हणालो. "शिफ्टला होतो."